तांत्रिक मुलाखतीची पूर्वतयारी : बसवनगुडीच्या निमित्ताने

बेंगळुरू शहराच्या दक्षिणेकडील बसवनगुडी ही वसाहत जुन्या वळणाची आहे. १८९८ च्या प्लेगच्या साथीनंतर मोकळ्या हवेत, रुंद रस्त्यांवर वसविलेल्या या भागात आजही नंदीच्या देवळाभोवती कार्तिकातील अखेरच्या सोमवारी शेंगदाण्यांची जत्रा भरते आणि गांधी बाजारातील १९४३ सालच्या 'विद्यार्थी भवन' उपाहारगृहासमोर डोशासाठी रांग लागते. नावाप्रमाणेच हे उपाहारगृह विद्यार्थ्यांच्या आधारावर उभे राहिले. या परिसराचा आणि विद्यार्थ्यांचा संबंध तेव्हापासूनचा, किंबहुना त्याही आधीचा आहे. १९१७ साली स्थापन झालेल्या शिक्षणसंस्थेचे नॅशनल कॉलेज येथलेच. खाजगी प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या देशातील आरंभीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपैकी एक असलेले बी. एम. एस. अभियांत्रिकी महाविद्यालयही १९४६ पासून येथेच, बुल टेंपल रोडवर आहे. मिरज-बेळगावमार्गे येणाऱ्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने किंवा सोलापूरवरून येणाऱ्या उद्यान एक्स्प्रेसने सकाळी उतरणारे मराठी तरुण-तरुणी हातात प्रमाणपत्रांची फाइल घेऊन ज्या शहरात येतात, त्या शहराचे हे एक शांत अंग आहे.

त्या फाइलमध्ये पदवीपत्राइतकाच महत्त्वाचा आणखी एक कागद अनेकदा घरी कपाटात राहिलेला असतो, तो म्हणजे शैक्षणिक कर्जाचा करार. आपल्या वाचकांपैकी पुष्कळजण अशा करारावर पालक व सहकर्जदार या नात्याने स्वाक्षरी करून बसले आहेत, आणि कर्मचारी वाचकांनी अशी कित्येक प्रकरणे स्वतः हाताळली आहेत. सर्वसाधारणपणे अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष एवढी सवलत मिळते. त्यानंतर हप्ता सुरू होतो, नोकरी लागलेली असो वा नसो. त्यामुळे पदवीनंतरचे पहिले बारा महिने हा केवळ तरुणाच्या भवितव्याचा प्रश्न उरत नाही, तो घराच्या जमाखर्चाचाही प्रश्न होतो. या बारा महिन्यांत जी दारे ठोठवावी लागतात, त्यांपैकी बहुतेकांच्या आत एक तांत्रिक मुलाखत उभी असते. ती नेमकी काय असते आणि तिची तयारी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एके काळी असा प्रश्नच नव्हता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतली आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८८३ साली ते परीक्षेत पहिले आले. त्या क्रमांकाच्या बळावर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि १८८४ मध्ये नाशिकला त्यांचे काम सुरू झाले. परीक्षेतील क्रमांक हाच निर्णय, अशी ती व्यवस्था होती. उमेदवार थोडे, महाविद्यालये मोजकी आणि नेमणूक करणारे सरकार एक, अशा स्थितीत ती चालून गेली. पुढे बेंगळुरूत १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट, १९५३ मध्ये एच. एम. टी., १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स असे कारखाने उभे राहिले, १९८१ मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी स्थापन केलेली इन्फोसिस १९८३ मध्ये या शहरात आली, १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र उघडले, आणि उमेदवारांची संख्या हजारांवरून लाखांवर गेली. एकाच पदवीचे, जवळजवळ सारख्याच गुणांचे शेकडो अर्ज समोर असताना गुणपत्रिका फारसे काही सांगत नाही. म्हणून मुलाखत आली.

लेखी निवेदन आणि उलटतपासणी

बुल टेंपल रोडवर एक संस्था आहे, जिचे नाव मराठी वाचकाला थांबावयास लावते. कन्नड साहित्यिक व पत्रकार डी. व्ही. गुंडप्पा यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली गोखले सार्वजनिक विचार संस्था ही होय. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्याविषयीच्या आदरातून त्यांनी हे नाव दिले. मुलाखतीच्या तयारीचा विषय निघाला असता गोखल्यांचे स्मरण होणे हे केवळ रस्त्यावरील पाटीमुळे नव्हे. १८९७ मध्ये लंडनमध्ये भारतीय खर्चाची चौकशी करणाऱ्या, लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगासमोर गोखल्यांनी जी साक्ष दिली, ती आजच्या अर्थाने एक कठोर तांत्रिक मुलाखतच होती. तेव्हा ते तीस वर्षांचे होते, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते आणि त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून वापरात होते. समोरचे सदस्य वयाने, अधिकाराने आणि अनुभवाने मोठे होते. लेखी निवेदन आधी द्यावयाचे आणि नंतर त्यातील प्रत्येक आकड्यावर तोंडी उलटतपासणी, अशी रीत होती.

या साक्षीमागे पुण्यात झालेली तयारी होती. न्यायमूर्ती रानडे यांचे मार्गदर्शन आणि आकडेशास्त्राचे जाणकार गणेश व्यंकटेश जोशी यांचे साहाय्य गोखल्यांना लाभले. अंदाजपत्रके, लष्करी खर्च, विनिमय दराचा परिणाम, अधिकाऱ्यांचे पगार या साऱ्याची मांडणी करून मगच ते जहाजावर चढले. पाठांतराने निवेदन पार पडते, परंतु उलटतपासणीत 'हा आकडा कोठून आला?' या पहिल्याच प्रश्नाला पाठांतर संपते. तेथे केवळ समजूत टिकते. आजच्या उमेदवाराचे लेखी निवेदन म्हणजे त्याचा बायोडाटा, आणि उलटतपासणी म्हणजे मुलाखत. दोहोंतील संबंध तोच आहे.

म्हणून तयारीचा प्रारंभ बायोडाट्यापासून करावा. त्यातील प्रत्येक ओळ ही परीक्षकाला दिलेले निमंत्रण असते. सहा संगणकीय भाषांची नावे लिहिणाऱ्याला सहाही भाषांत प्रश्न विचारले जाऊ शकतात, आणि चार भाषा केवळ एका सत्राच्या प्रयोगवहीपुरत्या परिचयाच्या असतील तर उरलेल्या दोन उत्तम येत असल्याचा लाभही मिळत नाही. जे लिहिले त्यावर दहा मिनिटे सलग बोलता येईल एवढेच लिहावे, हा नियम कठोर वाटला तरी उपयोगी आहे.

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाविषयी विशेष सांगणे आवश्यक आहे. चार विद्यार्थ्यांनी मिळून केलेल्या प्रकल्पात स्वतःचा वाटा कोणता, हे परीक्षक हमखास विचारतात. मराठी घरातील मुले येथे संकोचाने 'आम्ही केले' असे म्हणत राहतात. 'मी' हा शब्द आत्मप्रौढीचा वाटावा, अशीच आपल्याकडील वाढवण असते. परंतु परीक्षकाला या 'आम्ही'मधून एवढेच ऐकू येते की काम दुसऱ्यानेच केले असावे. माहिती साठविण्याचा भाग मी लिहिला, पडद्यावरील मांडणी मित्राने केली, अमुक अडचण आली ती मी अशी सोडविली, हे सांगण्यात अहंकार नाही. ती वस्तुस्थिती आहे. प्रकल्पात जे जमले नाही, तेही सांगता यावे. 'पुन्हा करावयाचा झाल्यास काय बदलाल?' या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे असते, त्याने प्रकल्प खरोखर केलेला असतो.

एका खात्यातील दहा हजार रुपये

संगणक क्षेत्रातील तांत्रिक मुलाखतीत नेमके काय विचारतात, याविषयी पालकवर्गात बरेच गूढ असते. आपल्या बँकेच्या व्यवहारातीलच उदाहरण घेतल्यास ते गूढ उकलेल. समजा, पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात दहा हजार रुपये आहेत. पती एटीएममधून सात हजार काढतो आणि नेमक्या त्याच क्षणी पत्नी शाखेच्या खिडकीवर सहा हजारांची मागणी करते. दोन्ही ठिकाणचा प्रोग्रॅम शिल्लक वाचतो. दोघांनाही दहा हजार दिसतात. दोन्ही मागण्या शिलकेच्या आतील असल्याने दोन्ही मंजूर होतात. एक प्रोग्रॅम शिल्लक तीन हजार लिहितो, दुसरा चार हजार. जो नंतर लिहील त्याचा आकडा राहतो. बँकेतून तेरा हजार गेले आणि तरीही खात्यात पैसे शिल्लक आहेत, असा चमत्कार घडतो. हे होऊ नये म्हणून काय कराल?

या प्रश्नाला तोंडपाठ उत्तर देणारा उमेदवार म्हणतो, 'व्यवहाराला कुलूप लावावे.' उत्तर चूक नाही. पहिला व्यवहार पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याला ते खाते वाचून बदलू देऊ नये, हा त्याचा अर्थ. जुन्या काळी खातेवहीचे पान एका लेखनिकाच्या हाती असेपर्यंत दुसऱ्याला ते मिळत नसे, तसेच हे. परंतु मुलाखत येथे संपत नाही. खरे तर येथे सुरू होते. परीक्षक विचारतो : अ खात्यातून ब खात्यात आणि त्याच क्षणी ब मधून अ मध्ये रक्कम पाठविली जात असेल तर? पहिल्या व्यवहाराने अ ला कुलूप लावले आणि तो ब ची वाट पाहत आहे. दुसऱ्याने ब ला कुलूप लावले आणि तो अ ची वाट पाहत आहे. दोघेही अनंतकाळ उभे. या कोंडीला संगणकाच्या परिभाषेत डेडलॉक म्हणतात. ज्याने विषय समजून घेतला आहे तो क्षणभर विचार करून सांगतो की, कुलपे नेहमी एकाच ठरलेल्या क्रमाने लावावीत, उदाहरणार्थ लहान खाते क्रमांकाला आधी. मग दोन्ही व्यवहार प्रथम एकाच खात्यापाशी येतील, एक पुढे जाईल, दुसरा थांबेल, आणि कोंडी होणारच नाही. उपाय किती साधा आहे पाहा. तरीही पाठांतरातून तो सुचत नाही.

पुढचा प्रश्न याहून खोल जातो. अ मधून रक्कम वजा झाली आणि ब मध्ये जमा होण्यापूर्वी वीज गेली तर? येथे व्यवहार एक तर संपूर्ण व्हावा अथवा मुळीच होऊ नये, या तत्त्वाकडे यावे लागते. प्रत्येक बदलाची नोंद आधी एका स्वतंत्र वहीत करून ठेवावयाची आणि यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ती नोंद पाहून अर्धवट व्यवहार मागे घ्यावयाचा, असा त्याचा सर्वसाधारण मार्ग आहे. १६ डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि १४ डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस अहोरात्र चालू झाल्यानंतर, तसेच २०१६ पासून यूपीआय घरोघर पोहोचल्यानंतर, हे प्रश्न पुस्तकी राहिलेले नाहीत. ते लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या चुकीची किंमत ग्राहक मोजतो.

या उदाहरणावरून उत्तर देण्याची एक पद्धत ध्यानात येईल. प्रश्न कानावर पडताच लिहावयास सुरुवात करू नये. आधी प्रश्नातील मोकळ्या जागा विचारून भराव्यात : व्यवहार किती मोठे, एकाच यंत्रावर की अनेक, चूक झाली तर काय अपेक्षित? मग सर्वांत साधी पद्धत मोठ्याने सांगावी, ती मंद असली तरी चालेल. एका छोट्या उदाहरणावर ती चालवून दाखवावी. त्यानंतर टोकाच्या स्थिती तपासाव्यात, म्हणजे यादी रिकामी असल्यास, एकच नोंद असल्यास, दोन नोंदी सारख्या असल्यास काय होते. आणि शेवटी सुधारणा सुचवावी. परीक्षकाला उत्तरापेक्षा उत्तरापर्यंतचा रस्ता पाहावयाचा असतो. गप्प बसून वीस मिनिटांनी अचूक उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा विचार उघड करीत जाणारा, मध्ये चुकला तरी सावरणारा उमेदवार पुष्कळदा पसंत केला जातो, कारण उद्या त्याच्याबरोबर बसून काम करावयाचे असते.

शोधाचा प्रश्नही असाच ठरलेला. दहा लाख खाते क्रमांकांच्या यादीत एक क्रमांक शोधावयाचा आहे. एकेक पाहत गेल्यास वाईटात वाईट दहा लाख वेळा पाहावे लागेल. यादी चढत्या क्रमाने लावलेली असेल तर मधला क्रमांक पाहावा, आपला क्रमांक लहान असेल तर डावा अर्धा, मोठा असेल तर उजवा अर्धा घ्यावा, पुन्हा मधला पाहावा. दोनाचा विसावा घात १०,४८,५७६ होतो, म्हणून वीस वेळा पाहून काम संपते. शब्दकोशात शब्द शोधताना आपण अजाणता हेच करतो. मात्र ही इतकी साधी युक्तीही निर्दोष लिहिणे कठीण असते. जावा भाषेच्या मूळ ग्रंथालयातील याच प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षे एक दोष होता, हे जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये स्वतः प्रसिद्ध केले. मधले स्थान काढण्यासाठी दोन टोकांची बेरीज करून अर्धी करीत असत. यादी प्रचंड मोठी असल्यास ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जाऊन ऋण होई. अशी गोष्ट वाचलेली असणे मुलाखतीत उपयोगी पडते, परंतु त्याहून अधिक म्हणजे ती लिहिताना हात सावध ठेवते.

पूर्वी या मुलाखतींत कोड्यांना फार मान होता. २००० च्या दशकात बेंगळुरूतील मोठ्या कंपन्यांच्या लेखी परीक्षांसाठी विद्यार्थी याच शहरात जन्मलेल्या शकुंतलादेवींची कोड्यांची पुस्तके घेऊन बसत. ती पुस्तके आजही वाचण्यासारखी आहेत, पण वाचनाच्या आनंदासाठी. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तत्कालीन प्रमुख लॅझलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले की, अशा कोड्यांनी उमेदवाराच्या कामाविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे आणि सर्वांना सारखेच, आधी ठरविलेले प्रश्न विचारणे हे अधिक विश्वसनीय ठरते, असे श्मिट व हंटर यांनी १९९८ मध्ये अनेक दशकांच्या अभ्यासांचा आढावा घेऊन दाखविले होते. कंपन्या हळूहळू त्या बाजूस वळल्या. उमेदवाराच्या दृष्टीने हा बदल हिताचा आहे. कोडे सुटणे हा पुष्कळदा नशिबाचा भाग असतो, सरावाने येणारे काम तसे नसते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी अलीकडे यात नवी भर घातली आहे. घरबसल्या दिलेल्या परीक्षेत उत्तर कोणी लिहिले याची खात्री उरली नाही, म्हणून काही कंपन्यांनी समोरासमोरची फेरी पुन्हा सुरू केली आहे. सरावासाठी ही साधने उत्तम शिक्षक आहेत. त्यांना प्रश्न विचारावयास सांगावे, आपले उत्तर तपासून घ्यावे. मात्र फळ्यासमोर खडू घेऊन उभे राहण्याचा सराव त्यांच्यावर सोपवून चालणार नाही.

भाषा, भीती आणि एक पोस्टकार्ड

मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना विषयापेक्षा इंग्रजीची धास्ती अधिक असते. ही धास्ती निराधार आहे असे म्हणणे खोटे ठरेल, परंतु तिचा आकार आपण वाढवून ठेवला आहे. तांत्रिक फेरीत वक्तृत्व लागत नाही. पारिभाषिक शब्द अचूक, वाक्ये लहान आणि वेग मंद एवढे पुरते. अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी : मनात मराठीत विचार करून तोंडाने भाषांतर करताना दमछाक होते. यावर मोठ्याने बोलण्याच्या सरावावाचून उपाय नाही. रोज एक प्रश्न घ्यावा, कागदावर सोडवीत असताना प्रत्येक पायरी उच्चारावी, मित्राला समोर बसवावे, आणि शक्य असल्यास तो मित्र वेगळ्या शाखेचा असावा, म्हणजे न समजल्याचे तो प्रामाणिकपणे सांगेल. आपल्या आजोबांना आपला प्रकल्प मराठीत समजावून सांगता येणे, ही देखील उत्तम कसोटी आहे. जे मातृभाषेत सांगता येत नाही, ते बहुधा समजलेलेच नसते.

भीतीविषयी बोलताना बेंगळुरू आणि पुणे यांना जोडणारी एक प्रसिद्ध हकीकत आठवते. १९७४ मध्ये सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. सूचनाफलकावर टेल्को कंपनीची अभियंत्यांसाठी जाहिरात लागली होती आणि तिच्या तळाशी स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ होती. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहून या भेदभावाबद्दल जाब विचारला. काही दिवसांत तार आली आणि कंपनीच्या खर्चाने पुण्यास मुलाखतीला बोलावणे आले. त्यांनीच पुढे लिहिल्याप्रमाणे, समोर बसलेल्यांची कुजबूज ऐकून ही नोकरी आपल्याला मिळणार नाही अशी त्यांची खात्री झाली आणि त्यामुळे भीती नाहीशी झाली. ही मुलाखत निव्वळ तांत्रिक असेल अशी आशा असल्याचे त्यांनी त्या मंडळींनाच सुनावले. प्रश्न तांत्रिकच विचारले गेले, त्यांची उत्तरे त्यांनी दिली, आणि त्या टेल्कोत रुजू झाल्या. ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगितली जाते, ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील दुसरा भाग कमी बोलला जातो : मुलाखत तांत्रिक व्हावी अशी मागणी करण्याचे सामर्थ्य त्यांच्याकडे होते, कारण विषय पक्का होता. पोस्टकार्डाने दार उघडले. आत उत्तरेच द्यावी लागली.

उत्तर येत नसेल तर काय करावे, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. येत नाही असे सांगावे, आणि तेथेच न थांबता, जेवढे ठाऊक आहे त्याच्या आधारे आपण कसा विचार कराल ते सांगावे. ठोकून दिलेले उत्तर अनुभवी परीक्षकाला दुसऱ्याच वाक्यात उमगते, आणि मग आधीच्या बरोबर उत्तरांवरही संशयाची छाया पडते.

बँकांतील नोकरीकडे वळू इच्छिणाऱ्यांसाठीही हे लागू आहे. सार्वजनिक क्षेत्रातील बँकांमध्ये माहिती तंत्रज्ञान अधिकाऱ्यांची निवड आयबीपीएसमार्फत होते. तेथे मुलाखतीला १०० गुण असून किमान ४० टक्के, राखीव प्रवर्गांसाठी ३५ टक्के, मिळवावे लागतात, आणि अंतिम यादीत लेखी परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८० : २० असते. त्या मुलाखतीत डेटाबेस, नेटवर्क व माहितीची सुरक्षितता यांवरील प्रश्नांबरोबरच बँकव्यवहाराची जाण पाहिली जाते. वर दिलेले दहा हजार रुपयांचे उदाहरण तेथेही निरुपयोगी ठरू नये.

पैशांची बाजू

आता ज्या गोष्टींत बँकेच्या ग्राहकांचे प्रत्यक्ष नुकसान होते, त्यांकडे येऊ. नोकरीच्या शोधातील कुटुंब फसवणुकीला फार लवकर बळी पडते. मुलाखत फोनवरच, तीही दहा मिनिटांची. लगेच नामांकित कंपनीच्या शीर्षपत्रावर नेमणूक. आणि मग प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत किंवा कागदपत्र पडताळणीचा खर्च म्हणून काही हजार रुपये पाठविण्याची सूचना. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले जात असतील तर ती नोकरी नाही, एवढे पक्के समजावे. कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर स्वतः चौकशी करावी. पैसे गेलेच असतील तर संकोच न करता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तक्रार करावी व आपल्या शाखेला कळवावे. पहिल्या काही तासांत तक्रार झाल्यास रक्कम वाटेत गोठविली जाण्याची शक्यता असते. दोन दिवस घरात लपवून ठेवल्यास ती संधी जाते. फसलेल्या मुलाला या वेळी बोलणे खावे लागेल अशी भीती वाटता कामा नये, कारण त्या भीतीपायीच तास वाया जातात.

खरे नेमणूकपत्र हाती आल्यावर त्यातील वार्षिक आकडा पाहून हप्त्याचे गणित मांडू नये. त्या आकड्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा वाटा, उपदान, विमा, कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम अशा गोष्टी धरलेल्या असतात. दरमहा खात्यात प्रत्यक्ष किती जमा होतील हे लेखी विचारण्यात कमीपणा नाही. त्यातून घरभाडे व त्याची अनामत वजा जाता कर्जाचा हप्ता बसतो का, हे पाहावे. बेंगळुरूत ही अनामत अनेक महिन्यांच्या भाड्याइतकी मागितली जाते, याची कल्पना घरच्यांना आधीच द्यावी.

ठराविक काळ नोकरी न सोडण्याचा करारही नीट वाचावा. अशा अटी न्यायालयात टिकत नाहीत, अशी समजूत तरुणांत प्रचलित आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बेंगळुरूत मुख्यालय असलेल्या व २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झालेल्या विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरविली. प्रत्येक कराराचे भवितव्य त्याच्या शब्दांवर व परिस्थितीवर अवलंबून असले, तरी स्वाक्षरी करताना ती अट कागदावरची शोभा म्हणून सोडून देऊ नये.

राहता राहिली मुलाखतीच्या दिवसाची व्यवस्था. बसवनगुडीच्या आसपास उतरलेल्या उमेदवाराला इलेक्ट्रॉनिक सिटी गाठण्यासाठी पूर्वी सिल्क बोर्ड चौकातील कोंडीचा हिशेब धरून दोन-दोन तास आधी निघावे लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाल्यापासून नॅशनल कॉलेज स्थानकात हिरव्या मार्गिकेची गाडी धरून राष्ट्रीय विद्यालय मार्ग स्थानकात गाडी बदलली की थेट इलेक्ट्रॉनिक सिटीला उतरता येते. तरीही आदल्या दिवशी एकदा तो प्रवास करून पाहावा, कारण स्थानकापासून कंपनीच्या दारापर्यंतचे आणि सुरक्षा तपासणीतून आत जाण्याचे अंतर नकाशावर दिसत नाही. मूळ प्रमाणपत्रे, ओळखपत्र, बायोडाट्याच्या दोन-तीन प्रती आणि कोरे कागद जवळ असावेत.

मुलाखत आटोपल्यावर त्याच संध्याकाळी, जेवणापूर्वी, विचारलेले सर्व प्रश्न आठवून एका वहीत लिहून काढावेत. जे अडले ते त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सोडवून त्याच पानावर उत्तर लिहावे. अनेक कंपन्या एकदा नाकारलेल्या उमेदवाराला काही महिने पुन्हा अर्ज करू देत नाहीत. तो काळ संपून त्याच इमारतीत पुन्हा बोलावणे येईल, तेव्हा ती वही हाताशी असेल.